रावजीशेटांच्या चारित्र्याची चौकशी

माणूस विशेष कार्यकारी दंडाधिकारी व्हायच्या लायकीचा आहे की नाही, याची सरकार फार बारकाईने चौकशी करतं. या पदाला पगार नसतो, शिक्का असतो. दाखल्यांवर सही ठोकता येते, दारावर पितळी पाटी लावता येते आणि चौकीत गेलं की जमादार उठून खुर्ची देतो. कातळोलीच्या रावजीशेटांना जमादार आधीपासूनच खुर्ची देत असे, कारण ती खुर्ची आणि तिच्याखालची फरशी शेटांनीच दिली होती. राहिला होता तो शिक्का. चौऱ्याऐंशी साली आमदारांनी तेवढी उणीव भरून काढायचं मनावर घेतलं, आणि 'अर्जदाराच्या चारित्र्याबद्दल ग्रामस्थांचं मत घ्यावं' असा शेरा घेऊन फाईल तालुक्याहून गावाकडे निघाली.

त्याच गावच्या काशीरामच्या चारित्र्याची चौकशी आदल्या वर्षीच होऊन गेली होती. ती एका सकाळीत उरकली होती.

काशीरामची बायको गंगा शेटांच्या चिरेखाणीवर डोक्यावरून चिरे वाहायची. शिमगा होऊन गेल्यावर एक दिवस मुकादमाने तिला खाली, पोखरलेल्या दरडीखालची माती ओढायला पाठवलं. दरडीला भेग गेली होती. ती मुकादमालाही दिसत होती, म्हणून तो वर जाऊन शेटांना विचारून आला. शेट जीपमधून उतरले नाहीत. "पाठव," एवढंच म्हणाले, "ट्रक खोळंबलाय." गंगा खाली गेली आणि तिच्यामागोमाग दरडही खाली आली.

मग पंचनामा झाला. पंचनाम्यात दरड होती, माती होती, गंगाही होती. फक्त ती कामाला नव्हती. ती 'सरपण गोळा करण्याकरिता स्वतःहून खाणीच्या हद्दीत शिरली' होती. काशीरामच्या चुलतभावाची बायको सोनूबाई त्या वेळी दोन पावलांवर डोक्यावर चिरा घेऊन उभी होती. तिनेही तसाच जबाब दिला आणि अंगठा उठवला. तिच्या घरातली चार माणसं त्याच खाणीवर होती. फाईलवर 'अकस्मात मृत्यू' असं पडलं. पावसाळ्यात शेतात साप चावून माणसं मरतात, त्यांच्या शेजारी गंगेला ठेवून कप्पा बंद झाला.

राहिला प्रश्न तिला जाळायचा. काशीरामच्या परसात एक शेवगा होता. शेवग्यावर माणूस जळत नाही. उजेड चालला होता. त्याने रानात वाळून उभा असलेला एक किंजळ तोडला. ते रान सरकारी निघालं. गंगेचं दहावं व्हायच्या आत जंगलखात्याचा गार्ड दारात हजर. कोर्टात काशीरामने 'तोडला' म्हणून सांगितलं. परवानगी का घेतली नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, "परवानगी येईस्तवर बाय ऱ्हायली नसती." हा खुलासा कायद्यात बसण्यासारखा नव्हता. दंड भरायची ऐपत नव्हती, म्हणून त्याने पंधरवडा रत्नागिरीच्या तुरुंगात काढला. सुटला त्या दिवशी तो उगाच मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चालत गेला, पाण्याकडे बघत उभा राहिला, आणि आपल्याला आता रडू येत नाही, राग येतोय, हे त्याला तिथे कळलं.

गंगेच्या मरणापायी एकच माणूस तुरुंगात गेला, तो तिचा नवरा.

आता ग्रामस्थांचं मत घ्यायला नायब तहसीलदार, म्हणजे रावसाहेब, येणार म्हटल्यावर शेटांनी बैठक देवळात ठेवली. पंचायतीच्या खोलीत शाळेसाठी आलेलं सिमेंट होतं, आणि ते शाळेकडे जायच्या ऐवजी शेटांच्या बंगल्याकडे जायच्या वाटेवर होतं. देवळात बैठक म्हणजे गाऱ्हाणं आलंच. देवापुढे नारळ ठेवून गावाचं म्हणणं मोठ्याने सांगायचं, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. गाऱ्हाणं घालायचा मान काशीरामच्या घराण्याचा. घराण्याचं बाकी सगळं गेलं होतं. मान शिल्लक राहिला, कारण त्याचा सातबारा निघत नाही.

आदल्या दिवशी दुपारी शेट स्वतः काशीरामच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"काय रे काशीराम, बरा आहेस ना?"

"तुमच्या किरपेनं, शेट."

"माझी कसली कृपा. उद्या गाऱ्हाणं घालायचंय. नेहमीसारखं. लांबण लावू नको. रावसाहेबांना पुढे पूर्णगडला जायचंय, तिथे मासळी सांगून ठेवलीय."

"नेहमीसारखंच घालीन."

"मनात काही ठेवू नको हां. झालं ते देवाच्या मर्जीनं झालं."

"मर्जी कोणाची होती ती देवाला म्हाईत हाय," काशीराम म्हणाला. शेटांना हे भक्तीचं बोलणं वाटलं. ते समाधानाने जीपमध्ये जाऊन बसले.

काशीरामचा बेत साधा होता. गाऱ्हाण्याच्या आधी साहेब हरकत विचारणार. तेव्हा उठायचं आणि सांगायचं, माझी बायको तिथे कामाला होती आणि ह्या माणसाने तिला खाली पाठवली. एकदा सरकारच्या कागदावर तेवढं आलं की पुरे. मग शेटांना शिक्का मिळो नाहीतर तोफ मिळो.

दुसऱ्या दिवशी केदारलिंगाच्या सभामंडपात अख्खा गाव जमला. खाणीला भरपगारी सुट्टी होती. रावसाहेब शहाळं पिऊन झाल्यावर चौकशीला बसले. "अर्जदाराविरुद्ध काही गुन्हा?" असं त्यांनी सौजन्याने खुद्द अर्जदारालाच विचारलं.

"नाही," शेट म्हणाले.

"वर्तणूक?"

"चांगली," शेट म्हणाले.

रावसाहेबांनी दोन्ही लिहून घेतलं आणि गावाकडे मान वळवली. "कोणाची हरकत?"

"हरकत कसली, रावसाहेब," गावचा मुख्य मानकरी, गावकर महिपत म्हणाला. "अख्खा गाव शेटांच्या चिऱ्यात राहतो."

"कोण आत, कोण खाली," मागून कोणीतरी पुटपुटलं. कोणीतरी हसलं, आणि लगेच त्याला खोकला आला.

काशीराम उठला. "माझी हाय हरकत."

रावसाहेबांनी नाव विचारलं. तलाठी त्यांच्या कानाशी वाकला. रावसाहेबांचा चेहरा गंभीर झाला.

"तुम्हाला शिक्षा झालेली आहे?"

"व्हय."

"कशाबद्दल?"

"बायको जाळल्याबद्दल."

रावसाहेबांच्या हातातलं पेन थांबलं. "झाड, रावसाहेब," तलाठी घाईने म्हणाला, "झाड तोडल्याबद्दल." रावसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

"बसा खाली. चारित्र्याच्या बाबतीत शिक्षा झालेल्या इसमाची हरकत घेता येत नाही. उद्या चोर पोलिसांबद्दल मत द्यायला लागतील."

"पण ती थयं कामाला होती, सायेब."

"बसा म्हटलं ना."

"असू दे, रावसाहेब," शेट मोठ्या मनाने म्हणाले. "आपलाच माणूस आहे. आता गाऱ्हाणं तोच घालणार आहे."

"शिक्षा झालेल्याने घातलेलं चालतं?"

"देवाला चालतं," महिपत म्हणाला.

रावसाहेबांनी 'हरकत नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं. काशीराम हे सगळं उभ्यानेच बघत होता. त्याची सांगायची जागा संपली होती. महिपतने त्याच्या हातात नारळ दिला आणि हळूच म्हणाला, "लवकर आटप हां, बाबा." काशीराम देवाकडे तोंड करून उभा राहिला. डोक्यात काही ठरलेलं नव्हतं. ओळी बापाकडून आलेल्या, त्या आपोआप सुरू झाल्या.

"बा देवा केदारलिंगा, तुझी लेकरा आज तुझ्या पायाशी जमली हायत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"रावजीशेटना सरकार शिक्को देताय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"शेटांच्या खाणीनं गावाला काम दिलान, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." शेटांनी हात जोडले.

"महिपतच्या पोरांना दिलान, सोनूबायला दिलान, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या गंगेला पण दिलान, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पुढचं वाक्य बापाने शिकवलेलं नव्हतं. चाल मात्र तीच होती.

"ती मेली त्या दिवशी कामावरच होती, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. सवयीने म्हणाला. लहानपणापासून ह्या मंडपात त्या चालीपुढे दुसरं काही म्हणायची कोणावर वेळच आली नव्हती. तोंडं उघडून गेली आणि माणसं मागाहून एकमेकांकडे बघायला लागली. महिपतने तर तोंडावर हात ठेवला, पण त्याचंही म्हणून झालं होतं.

"दरडीची भेग सगळ्यांनी बगितली होती, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता आवाज निम्म्यावर आला होता, बराचसा बायकांचा.

"शेट जीपमदून बोल्ले, पाठव, म्हाराजा."

शेटांचे हात अजून जोडलेलेच होते, ते सोडवायचं त्यांना सुचलं नव्हतं. मग खांबाजवळून एकच आवाज आला, चिरका आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा. सोनूबाईचा.

"व्हय म्हाराजा."

काशीरामने नारळ फोडला.

"हे काय चाललंय?" शेट उठले. "महिपत, हे मागे घ्या. पुन्हा घाला गाऱ्हाणं."

"देवापुढचं व्हय मागे घेता येत नाय, शेट," महिपत अगदी कसानुसा होऊन म्हणाला. "तुमी सांगाल तर म्या गाव सोडतो. पण ह्ये जमायचं नाय."

शेटांनी रावसाहेबांकडे बघितलं. रावसाहेब चपला शोधत होते. "धार्मिक विधीतला मजकूर नोंदवायची तरतूद नाही," ते म्हणाले. "हरकत मी मघाशी विचारली होती, तेव्हा ती नव्हती. तुम्ही काळजी करू नका." आणि ते सुरमई थंड व्हायच्या आत पूर्णगडला रवाना झाले.

म्हणजे देवाच्या दप्तरी गंगा कामाला होती आणि सरकारच्या दप्तरी सरपणाला. काशीरामला वाटलं होतं की बोलून टाकल्यावर थोडं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट, सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांनी म्हटलं, आणि तरीही शिक्का येणार, हे कळल्यावर राग जास्तच चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनूबाई त्याच्या दारात उभी होती. खाणीवर जायचं लुगडं नव्हतं, लग्नाकार्याचं होतं.

"भावजी, चौकीवर जावया. माझा जबाब बदलूचा हाय."

दोघं चौकीच्या वाटेला लागले. मग तीच म्हणाली, "वरीसभर तुमी मला काय बोलला नाय."

"काय बोलायचं होतं, वयनी?"

"शिवी तरी द्यायची."

"मनातनं दिली."

"ती कशी पोचंल मेल्या?" ती म्हणाली, आणि मग दोघांचं चालणं जरा जवळ आलं.

चौकीत जमादाराने खुर्ची दाखवली नाही. सोनूबाई उभ्यानेच म्हणाली, "गंगेच्या वखताला मी दिला तो जबाब बदलायचा हाय."

"जबाब म्हणजे लुगडं काय गं, मन होईल तेव्हा बदलायला?" जमादार म्हणाला. "ती फाईल मिटली."

"मी खोटं सांगितलं होतं."

"काय म्हणालीस?" जमादार सरळ होऊन बसला. "सरकारला खोटी माहिती दिलीस? आपल्या तोंडाने कबूल करतेस? त्याला कलम आहे, माहीत आहे? आत जाशील."

गंगा गेल्यापासून खोटं बोलणाऱ्याला धडा शिकवायची तयारी कायद्याने पहिल्यांदाच दाखवली होती, आणि त्यासाठी माणूसही अचूक निवडला होता.

"जाईन," सोनूबाई म्हणाली. "घाला केस."

जमादाराला हुरूप आला. त्याने कोरा कागद ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागला, म्हणजे बाई घाबरून पळेल. "सदर महिलेने, मयत गंगा काशीराम ही खाणीवर मजुरीच्या कामास हजर असताना, ती कामास नव्हती अशी खोटी..."

तो थांबला. त्याने लिहिलेलं मनात पुन्हा वाचलं. खोटं ठरवायचं तर खरं आधी लिहावं लागत होतं, आणि ते लिहून झालं होतं. त्याने दाराबाहेर नजर टाकली, कागदाचा बोळा केला आणि खिशात घातला.

"जा गं बाई. अडाणी आहेस. सोडून दिली."

"सोडू नका," काशीराम म्हणाला.

"अरे, मी दया दाखवतोय."

"गार्डानं माझ्यावर दाखवली नाय. तुमी हिच्यावर दाखवू नका. लिव्हलंत ते बाहेर काढा."

"आवाज खाली. शेट दंडाधिकारी होणार आहेत, ठाऊक आहे ना? उद्या त्यांच्यासमोरच उभा राहशील."

"ऱ्हाईन. आधी केस घाला."

"घाला केस," सोनूबाई म्हणाली. "मी खोटं बोललंय. मला धरा."

गुन्हेगार धरा म्हणून मागे लागलाय आणि पोलीस नको म्हणतोय, अशी पाळी जमादारावर नोकरीत कधी आली नव्हती. त्याने दोघांना खांद्याला धरून ओटीवर आणलं, आत गेला आणि भरदिवसा चौकीचं दार आतून लावून घेतलं. कडी बसल्याचा आवाज आला.

सोनूबाईने पायरीवर पदर झटकला आणि बसली. "लिहीपरेंत उठायचं नाय, भावजी."

काशीराम बसला नाही. तो दार वाजवायला लागला. आधी बोटांनी, मग मुठीने, मग दोन्ही मुठींनी. समोरच्या हॉटेलातली माणसं चहा हातात घेऊन बाहेर आली.

"जमादार बाहेर गेलेत," आतून जमादाराच्याच आवाजात उत्तर आलं.

काशीराम वाजवतच राहिला.