अंदाजाने लावलेला ठिपका

मला पसारा सहन होत नाही. डब्यांवर चिठ्ठ्या, पुस्तकांवर नंबर, आणि घरच्या सगळ्या प्रवासांचे फोटो नकाशावर, जिथल्या तिथे. त्यासाठीच मी ते सॉफ्टवेअर घेतलं होतं. फोटो टाकला की नकाशावर त्या जागी ठिपका उमटतो आणि घरातल्या सगळ्यांना तो दिसतो.

माझा धाकटा भाऊ म्हणजे पसाऱ्याचा बाप. एकटाच डोंगर तुडवत हिंडायचा, आणि बॅटरी खातं म्हणून फोनचं लोकेशन बंद ठेवायचा. त्याचे फोटो 'ठिकाण माहीत नाही' या खान्यात येऊन पडायचे. मला ते बघवायचं नाही. मग मीच ते उचलून नकाशावर ठेवायचे, अंदाजपंचे दाहोदरसे.

"ताई, चुकलं तर चुकलं, कोण बघतंय!" तो हसायचा.

शेवटचा फोटो एका तळ्याचा होता. त्यानंतर दोन दिवस त्याचा फोन लागला नाही. शोधपथकाच्या प्रमुखांना मी नकाशा पाठवला. वर ऐटीत सांगितलं, "सगळं व्यवस्थित लावलेलं आहे."

तीन दिवस वीस माणसं त्या तळ्याभोवती शोधत होती. चौथ्या दिवशी सकाळी प्रमुखांचा फोन आला.

"बाई, फोटोतल्या तळ्यात मधोमध खडक आहे. इथं नाही. हा ठिपका कुणी लावला?"

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मला आठवलंच नव्हतं.

"मी लावला. अंदाजाने."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "या डोंगरात अशी चाळीस तळी आहेत," एवढंच म्हणाले. दुपारी बर्फ पडायला लागलं. आठवड्याने त्यांनी शोध थांबवला. अति शहाणपण नडतं म्हणतात. माझं मला नाही, त्याला नडलं.

आईला यातलं काही माहीत नाही. ती रोज नकाशा उघडते आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवून बसते. काल म्हणाली, "बर्फ वितळलं असेल ना गं आता? मला एकदा तिथं घेऊन चल. शेवटी कुठं होता ते तरी आपल्याला ठाऊक आहे. तेवढं तरी देवाने ठेवलं."

सांगायला हवं होतं. इतकी भित्री मी आयुष्यात कधी नव्हते.

"जाऊ या," मी म्हणाले, आणि तिचे गरम कपडे बाहेर काढायला लागले.