मैसमच्या डोक्यावरचे पोपडे

"टोपरं काढ बघू तिचं," जुबैदा म्हणाली आणि मी हात पुढे करायच्या आत तिनंच ते ओढून काढलं.

माझी नात मैसम मुठी हलवत छताकडे बघत होती. तिच्या डोक्यावर टाळूपासून कपाळापर्यंत पिवळट, जाड पोपडे धरले होते. आमच्या स्फाक्स शहरात बंदराकडच्या भिंतींना धरतात तसे.

"या अल्ला! हमादी, हे काय करून ठेवलंयस पोरीचं?"

"मी काय केलं? आपोआप आलंय ते."

"आपोआप! घरात बाई नसली की सगळं आपोआपच येतं."

जुबैदा ही आमची शेजारीण. तोंडानं फटकळ, पण माझी बायको मबरूका गेली तेव्हापासून हिच्याकडून सुपाचं पातेलं आलं नाही असा दिवस नाही. त्यामुळे तिचं बोलणं मी सुपाबरोबर गिळतो. माझी मुलगी रौदा पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. टोपरं उचलून तिनं हातात घट्ट धरलं.

"आता नीट ऐक," जुबैदा म्हणाली. "चाळिसावा दिवस होईपर्यंत याला हात लावायचा नाही. टाळू अजून मऊ आहे पोरीची. वरती देवानं झाकण घातलंय ते. आणि पाणी तर अजिबात नको. या थंडीत टाळूतून गारठा आत गेला ना, तर जन्मभर शिंकत बसेल."

मी मान डोलावली. एवढ्या ठासून बोलणाऱ्या बाईला ठाऊक असणारच, असं मला वाटलं.

माझं ठाऊक असणं म्हणजे सगळं पडद्यापलीकडचं. घराला लागूनच माझं केशकर्तनालय आहे, मधे एक जाड पडदा. गल्लीतल्या बहुतेक पुरुषांची डोकी माझ्या हाताखालून गेलेली आहेत. कुणाला खोक आहे, कुणाचं टक्कल कुठून सुरू झालं, कोण कलप लावून नाही म्हणतो, सगळं मला पाठ. पण माझी स्वतःची मुलं मी पाहिली ती न्हाऊमाखू घातलेली, तीट लावलेली आणि दुपट्यात गुंडाळलेली. पडद्याच्या त्या बाजूला मबरूका त्यांचं काय करायची, हे मी तिला कधी विचारलं नाही. आणि आता विचारायला ती नाही.

आमच्याकडे लेक बाळंतपणाला आईकडे येते आणि चाळीस दिवस राहते. रौदाची आईच नाही. तेव्हा दवाखान्यातच आमच्या विहीणबाई, हाज्जा नजीहा, माझ्या जावयाला म्हणाल्या होत्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "आई नाही तिथं कसलं माहेर? बाळंतपण काय आता न्हावी करणार?" जावई अन्वर जमिनीकडे बघत राहिला. रौदा मात्र अंथरुणातून उठून बसली आणि म्हणाली, "मी बाबांकडेच जाणार." त्या एका वाक्यानं मी इतका फुगलो की तीळ, मध आणि लोण्याचं झरीर मी स्वतः केलं. तीळ करपले, पण पाहुण्यांनी खाल्लं बिचाऱ्यांनी.

चाळिसाव्याला विहीणबाई सुनेला आणि नातीला न्यायला येणार होत्या. त्यांनी टोपरं काढलं आणि हे पाहिलं, की त्यांचं म्हणणं खरं ठरणार. मग पुढच्या बाळंतपणाला, सणासुदीला, कशालाच रौदा इथे येणार नाही. माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

म्हणून मी औषधांच्या दुकानात गेलो. तिथली मुलगी रौदाच्याच वयाची. ती म्हणाली, "काका, काही काळजी करू नका, पुष्कळ बाळांना होतं. तेल लावा, मऊ झालं की बोटानं हलकं चोळा आणि धुऊन टाका. हे बदामाचं तेल नेता?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. स्फाक्सच्या माणसाला ही मुलगी तेल विकत देत होती! नुकतंच भावाकडून गावचं ऑलिव्हचं नवं तेल आलं होतं. हिरवंगार, घशाला झोंबणारं, घाण्यावरून थेट कॅनमध्ये भरलेलं. आमच्याकडे ताप आला की तेल, कान दुखला की तेल, नवरी निघाली की तेल, मूल झालं की तेल. तेलानं कुणाचं वाईट झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. मी मुलीचे आभार मानले आणि हात हलवत घरी आलो.

आता पेच असा की ही म्हणते तेल लावून धुवा आणि जुबैदा म्हणते पाणी लावू नका. मी बराच विचार केला आणि मधला मार्ग काढला. हिचं तेल घ्यायचं आणि तिचं न धुणं घ्यायचं. दोघींचं अर्धं अर्धं ऐकलं म्हणजे निदान अर्धं तरी बरोबर येईल, असा माझा हिशोब.

सकाळी तेल, दुपारी तेल, संध्याकाळी तेल, आणि वर टोपरं. तेल पुसायचंसुद्धा नाही, कारण अंगावरचं तेल पुसलं तर मबरूका रागवायची, एवढं मात्र मला आठवत होतं. बरकत पुसतोस का, म्हणायची.

पोपडे गेले नाहीत. ते तेल पीत गेले आणि फुगत गेले. रंग गडद झाला, केस त्यात चिकटून बसले, आणि पुढे भुवयांवरही बारीक पापुद्रा दिसायला लागला. खोलीत शिरलं की जुन्या डब्यासारखा वास यायचा. मी आणखी तेल लावलं. दुसरं काय करणार?

अन्वरचा व्हिडिओ कॉल आला की रौदा आधी टोपरं नीट करायची, मगच फोन समोर धरायची.

"किती गं टोपरं घालतेस तिला? केस तरी दाखव," तो म्हणायचा.

"थंडी आहे इकडे."

"आणि इकडे काय उन्हाळा आहे? मी दोन तासांवर तर आहे."

फोन ठेवल्यावर ती रडली. पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली. "बाबा, आई काय करायची हो? मला आणि भावांना झालं होतं का असं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. अगदी जीव तोडून केला. मबरूका पाटावर बसलेली दिसली, पायांवर मूल पालथं, तिची बाही कोपरापर्यंत वर केलेली. पण हातात काय होतं? वाटी होती, की तांब्या? मूल कोणतं होतं, तेही कळेना. "झालं असेल," मी म्हणालो. "नसेलही." रौदानं तोंड भिंतीकडे केलं. मला इतकं अपराधी वाटलं की मी उठून दुकानात गेलो आणि स्वच्छ असलेला आरसा पुन्हा पुसला.

दुकानात तर विचारूच नये. मी सहज म्हणून विषय काढला, तर बाकावर बसलेले सगळे एकदम वैद्य झाले.

"मेंदी लाव. माझ्या बहिणीनं लावली होती," एक जण म्हणाला.

"मेंदीनं काय होतंय? लिंबू!"

"अरे, ते डोकं आहे का मासा?" सी मुख्तार खुर्चीतून म्हणाले; मानाचं 'सी' आम्ही नावाआधी लावतो. गालाला फेस लावलेला, तरी बोलायचं थांबले नाहीत. "आईचं दूध लावायचं. विषय संपला."

"तुम्ही लावलं होतं का, सी मुख्तार?"

"मी कशाला? आमच्या हिला ठाऊक."

असं प्रत्येकाचं. सगळ्यांच्या घरी कुणाला तरी ठाऊक होतं. मीच एकटा असा, ज्याच्या घरात विचारायला पडद्यापलीकडे कुणी नव्हतं.

आणि चाळिसाव्याला अजून आठवडा असताना हाज्जा नजीहा न कळवता दारात उभ्या राहिल्या. हातात मिठाईचा डबा, मागे गाडी लावत असलेला अन्वर.

"राहवलं नाही," त्या म्हणाल्या. "कुठाय माझी बाहुली?"

रौदा उठून काही म्हणायच्या आत त्यांनी मैसमला उचललं, नाक तिच्या डोक्याशी नेलं आणि तसंच मागे घेतलं. मग टोपरं काढलं.

मी डोळे मिटले. खरंच मिटले, लहान मुलासारखे.

"हे डोकं आहे की तेलाचा घाणा?" विहीणबाई म्हणाल्या. "सी हमादी, मी म्हटलं होतं. माझ्या मुलाला मी तेव्हाच म्हटलं होतं."

"तेल लावतोय आम्ही," मी म्हणालो.

"ते दिसतंय. धुताय कधी?"

मी जुबैदाचं नाव घेणार होतो, पण तेवढ्यात त्यांनी मैसमला मांडीवर आडवं केलं आणि अंगठ्याच्या नखानं कपाळावरचा एक पोपडा खरवडला. पोर किंचाळली. तिथे रक्ताचा एक ठिपका आला. त्यांचं नख दुसऱ्या पोपड्याकडे गेलं आणि मी त्यांचं मनगट धरलं.

आमच्याकडे परक्या बाईच्या मनगटाला कुणी हात लावत नाही. त्यातून ती हज करून आलेली, त्यातून विहीण. अन्वर दारात होता, तो तिथेच थांबला. रौदाच्या तोंडून "बाबा!" एवढंच निघालं. मला सुचेना की सोडावं, की धरून ठेवावं.

"खपली अशी काढत नाहीत," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "माझ्या खुर्चीत कुणी खपली घेऊन बसला तर मी त्यावर वस्तरा घालत नाही. भिजवतो. वाट बघतो."

असं बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मी रोज करतो. रोज, कितीतरी वर्षं. मोठ्या माणसाच्या हनुवटीला एक न्याय आणि बाळाच्या डोक्याला दुसरा असेल का, हे मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. पण मनगट धरून झालं होतं, आता मागे फिरायची सोय नव्हती.

मी दुकानातून नवा, एकदाही न वापरलेला दाढीचा ब्रश आणला. अगदी मऊ केसांचा. रौदानं कोमट पाणी आणि बाळाचा साबण आणला. "धरा," मी विहीणबाईंना म्हणालो आणि काय चमत्कार झाला कोण जाणे, त्यांनी मैसमचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, कपाळावर हात आडवा ठेवून, म्हणजे डोळ्यांत काही जाणार नाही. मी फेस केला आणि ब्रश गोल गोल फिरवला. टाळूवर तर इतका हलका, की हात लागतोय की नाही हे मला कळू नये. तिथे खाली काहीतरी ठकठक करत होतं.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग पाणी पिवळं झालं. मग एक पोपडा सुटून वाटीत आला आणि त्याच्याबरोबर केसांचा एक पुंजका.

"केस गेले!" मी ओरडलो.

"येतात," हाज्जा नजीहा म्हणाल्या. "ओरडताय काय? अन्वरला तर कानापर्यंत होतं हे. सगळे केस गेले होते, मग आले."

"मग तुम्ही काय केलं होतंत?"

त्यांनी मैसमचं डोकं तळव्यांत नीट सावरलं. "मी कुठं केलं? सासूबाईंनी केलं. मला त्यांनी जवळ उभंसुद्धा राहू दिलं नाही. नखानं काढतात, हे मी दारातून बघितलं होतं." मग जरा वेळानं म्हणाल्या, "की बोटानं, कोण जाणे."

जेवढं सुटलं तेवढं मी काढलं, उरलेलं तसंच ठेवलं. रौदानं डोकं टिपलं. मैसम थकून झोपली.

"आजच घेऊन जाते मी हिला," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आठवडाच राहिलाय. घरात बायका आहेत आमच्याकडे."

रौदा माझ्याकडे बघत राहिली. मी राहा म्हणालो असतो तर ती राहिली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण वाटीत ते पिवळं पाणी होतं, त्यावर माझंच तेल तरंगत होतं, आणि पोरीच्या कपाळावरचा ठिपका अजून ओला होता. कोणत्या तोंडानं म्हणणार? "जा," मी म्हणालो. "तिकडे बरं पडेल." तिनं पिशवी भरली. जाताना तिनं माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं. आठवडाभर आधीच घर मोकळं झालं. जुबैदानं सूप आणलं आणि त्या दिवशी तिनं काही ऐकवलं नाही.

पुढच्या शुक्रवारी दुकानात गर्दी होती. सी मुख्तार खुर्चीत होते, अर्धा गाल झालेला, अर्धा फेसात. फोन वाजला. रौदा होती, आणि ती दबक्या आवाजात बोलत होती.

"बाबा, कानामागं परत आलंय. थोडंसंच. सासूबाई म्हणतात लिंबू, जाऊबाई म्हणतात मेंदी. मी म्हटलं, थांबा, विचारते. काय करू?"

"थांब हं," मी म्हणालो, "आईला विचारून सांगतो..."

आणि पडद्याकडे वळलोसुद्धा होतो. पडद्याला हात लागला तेव्हा थांबलो.

बाकावरची माणसं आपापल्या चपलांकडे बघायला लागली. सी मुख्तारांनी, त्या बोलभांड माणसानं, आरशातली नजर खाली घेतली.

"रौदा," मी म्हणालो, "तेल लाव. थोडंच. मग धुऊन टाक, विसरू नकोस."

"किती वेळानं?"

"मऊ झालं की."

"ते कसं कळणार?"

मला तरी कुठं माहीत होतं? "बोटाला कळतं," मी म्हणालो. "नाही सुटलं तर सोडून दे. खरवडायचं नाही. कुणालाच खरवडू द्यायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, ठेवू नका फोन. मी बाजूला ठेवते. तुम्ही नुसते असा."

मी फोन कान आणि खांद्याच्या मधे धरला. सी मुख्तारांच्या गालावरचा फेस वाळून गेला होता, म्हणून ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला. फोनमधून एक दार लागल्याचा आवाज आला, मग भांडं ठेवल्याचा, मग पाणी ओतल्याचा.

"कोमट आहे ना?" मी विचारलं.