पांढऱ्यात नीळ

रंगारीबुवांनी चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली, पण आपल्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय हे दोन वर्षं कबूल केलं नाही. आधी दोष बल्बचा होता, मग चष्म्याचा. शेवटी पायपुसणं समजून त्यांनी शेजाऱ्यांच्या मांजरावर पाय ठेवला, तेव्हा बायकोने त्यांना दवाखान्यात नेलं. आधी डावा डोळा करायचं ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना ताप आल्यासारखं वाटलं. थर्मामीटरने साथ दिली नाही.

"घाबरलात का?" बायकोने विचारलं.

"मी? तीन मजली परांचीवर उभा राहणारा माणूस मी."

डोळ्यात थेंब घालताना सिस्टरांनीही तेच विचारलं. तेव्हा बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले, "सुई येताना दिसेल ना?"

"नाही दिसत. नुसता उजेड दिसतो. हात माझ्या हातात द्या. काही वाटलं तर दाबा, मान हलवू नका."

त्यांनी हात इतक्या वेळा दाबला की नंतर सिस्टर बोटं चोळत बसल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येऊन ते खोलीत उभे राहिले.

"ही भिंत निळी कोणी केली?"

"तुम्हीच. पांढरा पिवळट दिसतोय म्हणत चिमूट चिमूट नीळ घालत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. रंगातलं तुला काय कळतं, म्हणालात."

रंगारीबुवा हसले नाहीत. दोन दिवस ते नीट जेवलेही नाहीत. मग बायकोनेही थट्टा आवरती घेतली आणि तपासणीच्या वेळी सिस्टरांच्या कानावर घातलं.

"बऱ्याच जणांचं असं होतं, काका," सिस्टर म्हणाल्या. "कुणाला आरशातल्या सुरकुत्या दिसतात, कुणाला घरातली धूळ. मन खट्टू होतं. मनात काय आहे ते बोलून टाका."

"अशीच नीळ घालून लोकांची चार घरं बिघडवली मी," ते म्हणाले.

"मग त्यांनाच जाऊन विचारा."

पहिलं घर निवृत्त शाळामास्तरीणबाईंचं होतं. त्या म्हणाल्या, "मला या खोलीत झोप छान लागते. भिंतीला हात लावलात तर बघा." दुसऱ्या घरच्या वकिलांनी, यांना वाईट वाटू नये म्हणून, गुपचूप दुसरा रंगारी बोलावला होता. ते ऐकून रंगारीबुवांना फार लागलं. पण वकिलांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही, आणि दुसऱ्याच्या कामातली खोट काढता काढता त्यांची कळी खुलली.

डॉक्टरांनी कामाची परवानगी दिल्यावर उरलेली दोन घरं त्यांनी पुन्हा रंगवून दिली. उजव्या डोळ्याची तारीख या वेळी त्यांनी स्वतःच जाऊन घेतली. तोवर रंग जुळवताना ते उजवा डोळा मिटून घेत. त्यावरून एका घरच्या काकूंनी, हे मला डोळा मारतात, अशी त्यांच्या बायकोकडे तक्रार केली, आणि बायकोने, का कोण जाणे, खरं कारण काही सांगितलं नाही.