बशीतला थेंब

चहाच्या बशीत लाल औषधाचा एक थेंब होता आणि आमचे मालक ज्ञानदेव सकाळपासून त्याला बोट लावून बघत होते.

"ओलंच हाय," एवढंच म्हणायचे. मग फाटकापर्यंत जायचे, रस्ता बघायचे, की परत बशीशी.

आमच्या जुन्या फियाटला एक खोड होती. डायनॅमो इंजिनाला धरून ठेवणारे बोल्ट हादऱ्यानं सुटायचे. राजश्रीच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या साखरपुड्याला ते दौंडात, ऐन व्याह्यांच्या दारात सुटले आणि नवरदेवाच्या मामांनी गाडी ढकलली. तेव्हापासून विहीणबाई आमच्याआधी गाडीची तब्येत विचारतात. आता राजश्रीचा सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, शिरूरला, असं ठरलेलं. पण आठवा लागला की हलवत नाहीत, म्हणून हा रविवार शेवटचा. त्यात विहीणबाईंची अट. "गाडी धड असंल तर न्या. एसटीच्या दणक्यात मी पोरगी पाठवायची न्हाई. हितंच होईल मग सगळं."

म्हणून शनिवारी रांजणगावची कंपनी सुटल्यावर हे बोल्ट धरून ठेवणारं औषध, थ्रेडलॉक, घेऊन आले. निळं लावलं तर बोल्ट पुन्हा खोलता येतो, लाल लावलं की कायमचा, असं दुकानदार म्हणाला होता. यांनी लाल घेतलं. आटे धुतले, औषध लावलं, बोल्ट आवळले, आणि वाळलं कधी ते कळावं म्हणून एक थेंब बशीत ठेवला. पाक झाला का बघायला मी ठेवते तसाच.

शेजारच्या सिंधूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "भावजी, अंडं उबवताय का?"

"पाण्यासारखं हाय अजून. फसवलं त्यानं."

"बोल्ट घट्ट बसलेत न्हवं? मग निघा की," मी म्हणाले.

"आन् येताना वाटंत, न्हावऱ्याच्या पुढं सुटलं म्हंजी? पोरगी आत असताना?"

मागच्या सीटवर अंथरलेली चादर मी तिसऱ्यांदा झटकली.

तेवढ्यात सिंधूबाईंकडं फोन आला. राजश्रीच होती. "आई, निघालात?"

"निघतोच," म्हणून आले, तर हे पाना लावून वाकलेले.

"आता काय?"

"खोलतो. औषध पुसून नुसते वायसर टाकतो."

पाना हलेना.

"अहो, हलत न्हाई म्हंजी धरलंय की!"

"कसं धरंल? थेंब बघ तिकडं, ओला हाय."

थेंब ओला होता, हे खरंच. मग मीही बॉनेट धरून उभी राहिले. यांनी पान्याला लोखंडी पाइप घातला, एक पाय बंपरला लावला आणि सगळं अंग टाकलं.

कट्.

बोल्टाचं डोकं पान्यात आलं, बाकीचा इंजिनातच राहिला. ते औषध उघड्यावर वाळतच नाही, लोखंडात कोंडून हवा तुटली की मगच धरतं, हे आम्हाला नंतर कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी हे फक्त म्हणाले, "चांगलं धरलं होतं गं."

मी सिंधूबाईंकडं गेले. टायर पंक्चर झालं, असं सांगायचं जुळवलं होतं. पण फोन विहीणबाईंनी उचलला आणि त्यांच्यापुढं मला खोटं जमत नाही.

"गाडी मोडली. आमच्याच हातानं."

"मग हितंच होऊ द्या बाळंतपण."

"होऊ द्या. मी येते तिकडं राहायला."

लेकीच्या सासरी आईनं मुक्काम ठोकायचा, असं आमच्यात कुणी केलेलं नव्हतं.

"दोन-अडीच महिनं?"

"लागतील तेवढं."

मागून राजश्रीचा आवाज आला, "आई येतीय? खरंच?"

"येताना गादी आणा," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडं जादाची न्हाई."

परत आले तेव्हा हे बंपरवर बसून होते. मान वर न करताच विचारलं, "काय म्हणाल्या?"

"गादी घेऊन ये म्हणाल्या. मी चालले तिकडं, बाळ होईपर्यंत."

"आन् मी?"

"तुम्ही स्टँडपर्यंत गादी उचला."