खंडोबाचा किडा आणि कोरडं पान

शिवकांताबाईंना माणसं फारशी आवडत नसत आणि हे त्या लपवतही नसत. लातूरच्या एका सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये त्यांनी चौतीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली होती. रक्ताच्या थेंबात मलेरियाचा जंतू त्यांना दिसायचा तेव्हा नवे डॉक्टर अजून चष्मा पुसत असायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल घातली, नारळ दिला आणि भाषणात त्यांचं नाव शशिकला असं घेतलं. शिवकांताबाईंनी ते दुरुस्त केलं नाही. ज्याला समोरच्या फायलीवरचं नाव वाचता येत नाही, त्याला सांगून काय होणार होतं?

घरी त्या आणि नवरा रामलिंगअप्पा, दोघंच. मुलगा पुण्यात. रामलिंगअप्पा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, दिवसभर पेपर वाचणारे, शांत गृहस्थ. बाईंना घरात कशाची उणीव भासत असेल तर ती मायक्रोस्कोपची.

एका सकाळी गहू निवडताना त्यांच्या नखावर एक पोरकिडा चढला. उघड्या डोळ्यांना तो तिळाएवढा दिसत होता, पण त्याला सोंड असते हे बाईंना माहीत होतं. त्यांनी मुलाने दिलेला जुना फोन काढला आणि फोटो घेतला. फोटोत एक काळा डाग आला. जवळ नेलं तर डाग मोठा झाला, बाकी काही नाही.

"एवढ्या महागाचा फोन," त्या म्हणाल्या, "आणि याला गव्हातला किडा दिसत न्हाई."

"फोन बोलायला असतो," रामलिंगअप्पा पेपरमागून म्हणाले.

"तुम्हाला तोंड कशाला असतं?"

त्याच दिवशी बाई गंजगोलाईच्या बाजारात गेल्या आणि घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग घेऊन आल्या. काळ्या चिकटपट्टीने ते फोनच्या कॅमेऱ्यावर बसवलं. मागच्या खोलीच्या खिडकीत पाट ठेवला, त्यावर मसाल्याचा डबा आणि डब्यावर फोन, भिंग काठाबाहेरून खाली बघेल असा. ऊन थेट पडलं की किड्याची पाठ नुसती चमकायची, म्हणून कशिद्याच्या रिंगमध्ये बटर पेपर ताणून तो उन्हाच्या वाटेत धरला. दुसऱ्या बाजूने थर्माकोलची पांढरी ताटली उभी केली, म्हणजे सावलीतही उजेड पोचला.

तरी पहिले आठ दिवस फोटो वायाच गेले. भिंगाखाली फक्त कागदाच्या जाडीएवढा पट्टा स्पष्ट यायचा, पुढचं-मागचं सगळं धूर. सोंड धरावी तर डोळा जायचा, डोळा धरावा तर सोंड. शेवटी त्यांना लॅबची सवय आठवली. भिंग हलवायचं नाही, खालची वस्तू हलवायची. त्यांनी किडा काडेपेटीवर ठेवला आणि काडेपेटी नखाने केसाएवढी सरकवत नेली. नवव्या दिवशी सोंड आली, सोंडेवरचे खड्डे आले, डोळ्याच्या कडेला चिकटलेला पिठाचा कण आला.

रामलिंगअप्पांनी फोटो पाहिला आणि त्या दिवशी पोळी खाल्ली नाही.

पुण्याच्या मुलाने आईला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. नांदेड-लातूरची हौशी छायाचित्रकार मंडळी होती, दोनशेच्या वर. ग्रुपचे प्रमुख आलोक सर. विम्याच्या कंपनीत नोकरी, राहायला नांदेडला, आणि कॅमेरा इतका मोठा की त्याचाच विमा काढलेला. ग्रुपवर रोज सूर्योदय, रोज गोदावरीचा घाट आणि रोज दोनशे माणसांचं 'अप्रतिम सर'. बाई हे आठवडाभर वाचत राहिल्या. एवढी माणसं एवढं गोड एकाच वेळी बोलतात, म्हणजे यांतलं कुणीच फोटो बघत नाही, असं त्यांचं ठाम मत झालं.

मग त्यांनी पोरकिड्याचा फोटो टाकला. तासाभराने आलोक सरांचं उत्तर आलं.

'काकू, प्रयत्न छान! पण मोबाईलला भिंग लावणं हा लहान मुलांचा खेळ आहे. खरी मॅक्रो फोटोग्राफी वेगळी असते. खाली माझा पुरस्कारप्राप्त फोटो देतोय, बघा.'

खाली खंडोबाचा किडा होता. हिरवा, पुढचे दोन पाय जोडलेले, अंगभर दवाचे टपोरे थेंब. फोटोखाली लिहिलं होतं, 'पहाटेचा जंगलातला क्षण'. एकशे चौदा जणांनी हात जोडले होते.

बाईंनी तो फोटो मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्याने पाहिला. किड्याच्या अंगावर दव होतं, मिशांवर दव होतं. तो ज्या पानावर बसला होता ते पान मात्र कोरडं ठणठणीत. लॅबच्या फ्रीजमधून काचपट्टी बाहेर काढली की तिच्यावर असेच थेंब जमायचे, आणि टेबल कोरडंच राहायचं.

त्यांनी लिहिलं, 'दव एकट्या किड्यावरच पडलं का?'

संध्याकाळी आलोक सरांनी हात जोडलेलं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'काकूंसारख्या जिज्ञासूंसाठीच रविवारी नांदेडला कार्यशाळा आहे. जरूर यावे.'

"जाऊ नको," रामलिंगअप्पा म्हणाले. "तू भांडशील."

"मी कशाला भांडू? मी बघून येते."

मार्चचं ऊन होतं. बाई सकाळच्या बसने अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचल्या. कार्यशाळा एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये होती. वीस-बावीस माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. आलोक सरांनी त्या उकाड्यातही सोळा खिशांचं जाकीट घातलं होतं आणि त्यातल्या एकाही खिशात रुमाल नव्हता, कारण ते कपाळ बाहीला पुसत होते.

बाईंच्या शेजारी एक तिशीची बाई येऊन बसली. लांब रंगवलेली नखं, कोरलेल्या भुवया, फोनच्या कव्हरवर चमचमणारे खडे.

"मी पुनम. भोकरला माझं पार्लर हाय. तुमचा त्यो किड्याचा फोटो मी पायला काकू, लई भारी!"

"बरं," बाई म्हणाल्या आणि पर्स दोघींच्या मधे ठेवली. पार्लरवालीला पोरकिड्यातलं काय कळणार, असं त्यांना वाटलं. ते त्यांच्या तोंडावर दिसतही होतं.

आलोक सरांनी लेन्सांची नावं सांगितली, स्वतःचे पुरस्कार सांगितले आणि मग टेबलाखालून एक निळा डबा वर घेतला. बाईंनी तो लगेच ओळखला. लसी न्यायला दवाखान्यात असतो तसला बर्फाचा डबा. आत प्लास्टिकच्या छोट्या डब्या होत्या. एकीत फुलपाखरू, एकीत कोळी, चारांमध्ये खंडोबाचे किडे. सरांनी चिमट्याने एक किडा उचलला. तो काडीसारखा ताठ होता. त्यांनी एका फांदीवर सुईच्या टोकाने डिंक लावला आणि किड्याचा एकेक पाय त्यावर दाबून बसवला.

"सर, त्यो झोपलाय का?" पुनमने विचारलं.

"थंडीने शांत होतो तो. त्याला काही त्रास होत नाही. फोटो झाला की आपण सोडून देतो."

"पाय फांदीवर ठेवून?" शिवकांताबाईंनी विचारलं.

हॉलमध्ये दोघं-तिघं हसले. आलोक सरही हसले. "काकू, जगात सगळीकडे असंच करतात. शेवटी फोटो महत्त्वाचा."

"मग जंगलातला क्षण असं कशाला लिहिता? फ्रीजमधला क्षण लिहा."

पुढच्या रांगेतले निवृत्त हेडमास्तर शेषेराव मागे वळले. "मॅडम, आम्ही लांबून आलो आहोत. सरांचा वेळ खाऊ नका. तुम्हाला शिकायचं नसेल तर आम्हाला शिकू द्या."

बाईंनी त्या वीस-बावीस चेहऱ्यांकडे पाहिलं. शिक्षक होते, इंजिनिअर होता, एक दाताचा डॉक्टर होता. सगळ्यांना समजलं होतं, आणि एकालाही त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना फक्त आपला नंबर कधी लागतो याची घाई होती. आलोक सर निदान लबाडी स्वतः करत होते, ही माणसं ती शिकायला आली होती.

त्या उठल्या, टेबलावरची एक डबी उचलली, खिडकीशी गेल्या आणि झाकण उघडून ती उन्हात ठेवली.

"अहो, काय करता? तो पुढच्या सेशनचा आहे!"

"बघू द्या ना सगळ्यांना. शांत आहे म्हणालात ना?"

दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. किड्याच्या अंगावर थेंब जमले, आलोक सरांच्या फोटोतल्यासारखेच. मग त्याने मान वळवली. एक पाय उचलला, तोंडाजवळ नेला, पुसला. डबीच्या काठावर चढला आणि तिथून वेडावाकडा उडून खिडकीच्या पडद्यावर बसला.

तेव्हा मात्र हॉल जागा झाला. "जिवंत आहे! घ्या, घ्या!" सगळे कॅमेरे घेऊन पडद्याकडे धावले. फ्लॅशचा नुसता लखलखाट. किडा घाबरून खुर्च्यांत पडला. शेषेराव गुरुजी नेमका कोन साधायला दोन पावलं मागे सरले आणि त्यांच्या चपलेखाली बारीक आवाज झाला.

"अरेरे," ते म्हणाले आणि त्यांनी चप्पल सतरंजीला पुसली.

आलोक सरांनी डब्यातून दुसरा किडा काढला. "जाऊ द्या, आहेत आपल्याकडे. या, आपापल्या जागा घ्या."

शिवकांताबाई जेवायला थांबल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये त्यांचा राग आलोकवर होता, शेषेरावांवर होता, आणि लोहा सोडल्यावर तो स्वतःवर येऊन बसला. तिथे ठेवला असता तर डिंकावर मेला असता, मी बाहेर काढला तर चपलेखाली मेला. यात मी काय मोठं केलं? चारचौघांत बोलायची हौस फिटली, एवढंच. औषधाच्या दुकानासमोर उतरून त्या घरापर्यंत चालत गेल्या आणि रामलिंगअप्पांनी विचारलं तेव्हा फक्त "भांडले" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं होतं. महिनाभराने पेपरच्या आतल्या पानात आलोक सरांचा तोच दवातल्या किड्याचा फोटो आला. कुठल्याशा स्पर्धेत पहिला नंबर. रामलिंगअप्पांनी ते पान मुद्दाम आत दुमडून ठेवलं, पण बाईंनी वाचलंच. "परीक्षकांनाही कोरडं पान दिसलं न्हाई," त्या म्हणाल्या आणि त्याच पानावर कोथिंबीर निवडली.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी दारात पुनम उभी होती. तीच नखं, तोच खड्यांचा फोन.

"काकू, माझं म्हायेर औशाला हाय. जाता जाता आले. पत्ता ग्रुपवाल्या एकाकडून घेतला."

"कशाला?"

पुनम चप्पल काढून आत आली, बसली आणि पाणीसुद्धा न घेता बोलायला लागली. कार्यशाळेहून घरी गेल्यावर तिनेही करून पाहिलं होतं. डिंकाच्या थेंबावर मुंगी बसवली, फोन लावला. "आन् काकू, तिनं जोर लावून लावून सोताचा पाय तोडून घेतला. तीन पायांवर लंगडत गेली. मला जेवणच गेलं न्हाई. दुसऱ्या दिवशी बायांच्या भुवया करताना धागा धरवंना."

"मुंगीला सहा पाय असतात. एक तुटला तर पाच राहतात. तीन न्हाई."

"हाव. पाच असतील."

"मोजलं न्हाईस म्हणजे तू. नुसती रडलीस." बाईंना ती अजिबात आवडली नव्हती. रडायचं पण नीट बघायचं नाही, असल्या बायका त्यांनी वॉर्डाच्या दारात रोज पाहिल्या होत्या. पण एवढ्या उन्हातून आली होती. "ये मागच्या खोलीत. हात कशाला लावायचा न्हाई."

खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीवर एक उड्या मारणारा कोळी राहत होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा. दोन महिने बाई त्याच्या मागे होत्या. तो काडेपेटीवर बसत नसे, त्यामुळे फोन हातात धरावा लागे, आणि बाईंचा हात आता वयाने कापायचा. कोळ्याचा चेहरा एकदाही स्पष्ट आला नव्हता.

"श्वास सोडून झाला की दाबायचं," त्यांनी सांगितलं. "फोन पुढे-मागे न्यायचा न्हाई. तूच झुकायचं, केसाएवढं. त्याच्यावर सावली पडली की तो पळतो."

त्यांना वाटलं होतं, पाच मिनिटांत ही कंटाळेल. पुनम खिडकीशी गुडघ्यांवर बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. रामलिंगअप्पा चहा ठेवून गेले, त्यावर साय धरली. पुनमचे रंगवलेल्या नखांचे हात भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांसारखे स्थिर होते. रोज दहा-पंधरा बायकांच्या पापणीला धक्का न लावता एकेक केस ओढणारे हात ते, हे बाईंना तेव्हा सुचलं. कोळी पानाच्या टोकाला आला, थांबला, वळला आणि त्याने थेट भिंगात पाहिलं.

पुनमने श्वास सोडला आणि बोट दाबलं.

फोटोत पुढचे चार डोळे होते, मधले दोन टपोरे. त्या दोन्हींत खिडकीचे गज उमटलेले. कपाळावरचा पांढरा केस न् केस मोजता येत होता. शिवकांताबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मागचे पाय धुरात गेलेत," त्या म्हणाल्या.

"हाव. पुन्हा काढू?"

"तो गेला आता. चहा पी, गार झालाय. थांब, दुसरा करते."

चहा पिताना पुनमने तो फोटो औशाला आईला पाठवला. मग हळूच विचारलं, "ग्रुपवर टाकू का? बघू द्या त्यास्नी."

"कुणाला दाखवायचंय? चप्पल पुसणाऱ्यांना?"

पुनमने फोन खाली ठेवला. तेवढ्यात तो वाजला. आईने बोलून पाठवलं होतं, आणि तिचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला. "पुने, कुणाच्या घरी गेलीस गं? जळमटं झाडत न्हाईत का ती माणसं?"

पुनमचा चेहरा पडला. रामलिंगअप्पा पेपरमागे खोकले. शिवकांताबाईंनी कप उचलले आणि आत जाता जाता म्हणाल्या, "येत्या गुरुवारी ये. सातला ये, आठला न्हाई. आणि ती नखं कापून ये, सावली पडते त्यांची."