वरच्या मजल्यावरची गर्दी

बायबलचा अर्थ सांगावा तर तो सरांनीच. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर अभ्यासवर्ग भरायचा. निवृत्त शिक्षकच ते! उतारा वाचायचा त्यांनी, अर्थ सांगायचा त्यांनी, आणि बाकीच्यांनी आमेन म्हणून चहा प्यायचा. कोणी शंका काढलीच, तर सर चष्म्यावरून असे बघायचे की शंका आल्या पावली परत जायची. खरं सांगायचं तर असे सर थोडेफार आपल्या प्रत्येकातच असतात.

सरांची थोरली बहीण, अक्का, खालच्या खोलीत राहायची. पूर्वी वर्गात गीताचा पहिला सूर तिचाच. पण ती पडली, चाकांच्या खुर्चीत आली आणि जिना तिला कायमचा बंद झाला. वर्ग खाली आणावा असं सरांच्या मनातही आलं नाही. त्यांची पुस्तकं वर, वाचनाचा उंच स्टँड वर. तिला खालून ऐकू येतं की, असं ते म्हणायचे.

एका रविवारी सरांचा घसा पार बसला. डॉक्टरांनी तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं होतं. मग त्यांच्या जावयाने उतारा वाचला. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण खाटेवरून येशूकडे आणतात, दारातल्या गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छत उघडून त्याला खाली सोडतात. वाचून झालं आणि सवयीने सगळे सरांकडे बघू लागले. सरांनी गळ्याकडे बोट दाखवलं. आली का पंचाईत!

शेवटी जावईच बोलला. त्याची बांधकामाची कामं असायची, त्यामुळे त्याला आधी घरमालकाची काळजी. बिचाऱ्याचं छत गेलं, तरी त्याची कुठे कुरकुर नाही, म्हणाला. सगळे हसले. सरांच्या कपाळावर आठी पडली. शेजारच्या नर्सबाईंना चौघांचे हात दिसले. एकाने जरी हात सैल सोडला असता तर खाट कलंडली असती, विश्वास असा सगळ्यांनी मिळूनही धरावा लागतो, असं त्या म्हणाल्या. सरांची आठी जरा सैल झाली. हे त्यांना कधी सुचलं नव्हतं.

जावयाची आई, म्हणजे विहीणबाई, पाहुण्या आल्या होत्या. त्यांच्या चर्चमध्ये प्रवचन कमी आणि शांत बसणं जास्त. सरांच्या मते तो निव्वळ आळस. त्या सावकाश म्हणाल्या, "मला दारातली गर्दीच दिसतेय. वाईट नव्हती ती माणसं. येशूचंच ऐकायला आली होती. पण ऐकण्यात इतकी गुंग, की खाटेला वाट द्यायचं कोणाला सुचलं नाही."

तेवढ्यात खालून अक्काचं गुणगुणणं वर आलं. सुरुवातीला म्हटलेलं गीत ती एकटीच पुन्हा म्हणत होती.

सरांच्या एकदम लक्षात आलं. अरे, ती गर्दी म्हणजे आपणच की!

ते उठले, स्वतःची खुर्ची उचलली आणि जिना उतरू लागले. विहीणबाईंना वाटलं, व्याही रागावले. पण जावई समजला. त्याने स्टँड उचलला, तो जिन्याच्या वळणावर अडकला, तिथेच राहिला. बाकी सगळं खाली आलं.

अक्का बघतच राहिली. जावयाने तिला सारं सांगितलं. विहीणबाईंनी विचारलं, तुम्हाला या गोष्टीत काय दिसतं?

"खाटेवरच्याला वाटलं असेल, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा," अक्का म्हणाली. "मलाही तसंच वाटायचं. म्हणून कधी बोलले नाही."

सरांचे डोळे भरून आले. "चुकलो, अक्का," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"डॉक्टरांनी गप्प बसायला सांगितलंय ना? मग बस. आज कुठे वर्गाला रंग चढतोय."

सरांचा घसा पुढे बरा झाला, पण वर्ग पुन्हा वर गेला नाही. अर्थ ते आजही सांगतात, फक्त सगळ्यांचं ऐकून झाल्यावर. मंडळी, दुसऱ्याच्या नजरेने वचन वाचलं म्हणून आपला विश्वास पातळ होत नाही, उलट तो खोल जातो. मात्र आधी बघावं, आपल्यात कोण आलेलं नाही आणि त्याची वाट आपणच तर अडवून बसलो नाही ना. त्या संध्याकाळी शेवटचं गीत सुरू झालं, तेव्हा पहिला सूर अक्काने लावला.