पाहुणीच्या हातावर पाणी

"हात पुढे कर," म्हणत आई पुन्हा किटली घेऊन आली आणि वाकून तियामिकेच्या हातांवर पाणी घालू लागली. तळ्याकाठच्या त्या गावात पाहुणा जेवायला बसला की घरधनीण असं पाणी घालते. घरच्या लेकीने मुकाट उठून हात धुवायचे असतात. पण तियामिके आल्यापासून आई नवी चटई अंथरत होती, कोंबडीचा चांगला तुकडा तिच्यापुढे सारत होती, कुठल्याच कामाला हात लावू देत नव्हती. जळला मेला तो मान! तियामिकेला तो नको होता.

बारा गावचं पाणी प्यालेली बाई ती. उपाशी मुलांना खाऊ घालणाऱ्या एका जागतिक संस्थेत साहेबीण झाली होती. सुदान झालं, नायजर झालं, आता चाडचं बोलावणं होतं. जगात कुठेही जागा मिळायची, फक्त तिच्या स्वतःच्या देशात, मालावीत नाही. परदेशी पाठवायच्या अधिकाऱ्याला त्याच्याच देशात नेमायचं नाही, असा संस्थेचा नियम. घरी यायचं तर राजीनामा देऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात लहानशी नोकरी धरायची. तिथेही तिने विचारून ठेवलं होतं. आता आईने एकदा मनापासून 'राहा' म्हणावं, एवढ्यासाठी जीव टांगणीला लागला होता. उद्या सकाळी भाऊ लिंबानी तिला विमानतळावर सोडणार होता.

"आई, राहू का मी इथेच?"

"राहा की! घर तुझंच आहे," आई गोड हसून म्हणाली. असं ती पाद्रीबाबांनाही म्हणायची.

तियामिकेचा बांध फुटला. "पाहुणी करून टाकलंस तू मला! एखादी शिवी तरी दे गं!"

आईने किटली खाली ठेवली. "दिली होती. पहिल्यांदा निघालीस तेव्हा. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाले, आणि तू खरंच किती वर्षं आली नाहीस! तेव्हापासून जीभ आवरून आहे मी. पाहुण्याला जपलं तर तो फिरून येतो. लेकीचा काय भरवसा?"

संध्याकाळी आईच्या आधी तियामिके स्वतःच अंगणातल्या चुलीपाशी जाऊन बसली आणि मक्याच्या पिठाची न्सिमा घोटू लागली. पण कितीतरी वर्षांत पळी हातात धरली नव्हती. न्सिमेत गोळेच गोळे झाले.

"मॅडम, हे चाडला नेऊ नका हं. हाकलून देतील," लिंबानी खिदळला.

आईने चिमूटभर तोंडात टाकली आणि तिचा पारा चढला. "अगं गाढवे, आधी पातळ पेज करतात, मग पीठ घालतात! लाज नाही वाटत? नवरा असता तर आजच पळाला असता. उद्या दुपारी परत कर. मी समोर बसणार आहे!"

उद्या दुपारी ती विमानात असणार होती. ते आठवताच आईचा चेहरा पडला. घाईघाईने तिने किटलीकडे हात नेला.

किटली तियामिकेने आधीच उचलली होती. आईचे खरकटे हात धरून ती त्यांवर पाणी घालू लागली. डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत.

"करते उद्या," ती म्हणाली. "लिंबानी, सकाळी गाडी काढू नकोस."

आईने ओले हात झटकले.

"मग लवकर ऊठ," ती म्हणाली. "पीठ संपलंय. दळून आणायचंय."